आत्या, पंचमी आणि कोबाल्ट

घरच्या मंडळींबरोबर समुद्रावर जाऊन समुद्राचं चित्र काढणाऱ्याला हाताआधी डोकं शांत लागतं. एकटा चित्रकार समुद्राकडे बघतो. सहकुटुंब चित्रकाराकडे बाकीचे सगळे बघतात. शिवाय चपला, डबे, मोबाइल आणि गाडीची किल्ली त्याच्याच पुढ्यात येऊन पडते. का, तर “तू नाहीतरी बसलाच आहेस ना!”

अलिबागला तर समुद्रही एका जागी बसत नाही. समोर कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथवर चालत जा, घोडागाडीतून जा. भरतीला तोच किल्ला चारी बाजूंनी पाण्यात. सकाळी पेन्सिलीनं आखलेली ओली वाळू जेवणानंतर रंगवायला घ्यावी, तर तिच्यावरून होड्या चाललेल्या. आत्यानं हे घरूनच बजावलं होतं. “आज पंचमी. तिथीची पाऊणपट कर. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती, काय ती वाळू आधी काढून घे.” कोकणातला हा जुना हिशेब. मोबाइलवर भरतीचं कोष्टक शोधणारा मेव्हणा गप्पच झाला.

पण रंगाच्या बाबतीत तो गप्प बसेना. “भावोजी, निळा कमी पडला.” आता अलिबागचा समुद्र निळा नाही, याला मी काय करणार? किनारा उथळ, खाड्यांतून येणारा गाळ, तो रोज दोनदा ढवळायला भरती-ओहोटी. पाण्याला रंग येतो तो दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा. समुद्र निळा, हे आपल्याला शाळेच्या रंगपेटीनं शिकवलं. आणि होकुसाईनं. 1831च्या सुमारास या जपानी चित्रकारानं ती जगप्रसिद्ध लाट काढली, त्यात युरोपातून आलेला प्रशियन ब्लू मनसोक्त वापरला. त्याच्यासमोर अलिबाग नव्हतं, एवढंच.

खारट दमट हवेत वॉश वाळता वाळत नाही. तेवढ्यात भाचीनं टॉवेल झटकला आणि मूठभर वाळू थेट आकाशात बसली. ओल्या कागदावरून ती खरवडायला जावं तर पापुद्रा निघतो, म्हणून राहू दिली. जाणकार याला टेक्स्चर म्हणतात.

किल्ल्याकडे निघालेली माणसं मी ठिपक्यांनी दाखवली होती. त्यातला आपला ठिपका कोणता, यावर बराच वेळ चर्चा झाली. आत्यानं तिचा नक्की केला आणि म्हणाली, “हातात पिशवी दाखव हं, रिकाम्या हातानं मी कुठे जात नाही.” ब्रशच्या टोकानं पिशवी दिली. ती चित्रातली सर्वांत जिवंत गोष्ट आहे, हे मान्य करायला हवं.

खरी समीक्षा मात्र घोडागाडीवाल्याची. घोड्याला पाणी पाजता पाजता तो मागे येऊन उभा राहिला. रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उजवीकडच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, “साहेब, सर्जेकोट राहिला. आत्ताच घ्या, पाणी चढलं की मधली वाट दिसायची नाही.” मोठ्या किल्ल्याच्या उत्तरेला दगडी वाटेनं जोडलेला हा धाकटा कोट फोटो काढणाऱ्यांच्या चौकटीत सहसा येत नाही. रोज बघणाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही.

तुम्ही अलिबागला रंग घेऊन जाणार असाल तर कोबाल्टची ट्यूब घरी राहिली तरी चालेल. यलो ऑकर मात्र भरपूर घ्या. आणि निघण्याआधी तिथी बघा.