हात वर न करता हात किती वर जातो?

एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, अमेरिकेत या खेळाडूंची मापं घेतली जातात. पोराला उभं करतात, ‘हात वर कर’ म्हणतात, बोटं पोचली ती उंची लिहून घेतात. हाच स्टँडिंग रीच. इतका सोपा मार्ग तुमच्यासारख्या अभ्यासकाला शोभत नाही. सोफ्यावर बसा, कॅल्क्युलेटर घ्या.

1. आधी उंची मिळवा. बुटांसकट की बुटांविना, ते विचारू नका. 2019 मध्ये लीगने अनवाणी उंची सांगायला लावली आणि भलेभले रातोरात खुजे झाले.

2. उंचीला 1.33 ने गुणा. ‘का?’ असं कुणी विचारलं तर दशांशचिन्हाकडे बोट दाखवा. टॅको फॉल या खेळाडूची उंची 7 फूट सव्वापाच इंच. तुमच्या हिशोबाने त्याचा हात 10 फुटांवरच्या रिंगला सव्वा इंच कमी पडतो. 2019 मध्ये मोजला तेव्हा उडी न मारता रिंगच्या अडीच इंच वर गेला. वाईट वाटून घेऊ नका, चूक फॉलची आहे.

3. आता शास्त्रीय पद्धत. केविन ड्युरांट हा खेळाडू घ्या: 2007 मध्ये अनवाणी 6 फूट 9 इंच, पसरलेल्या हातांचं माप 7 फूट पावणेपाच इंच. खांदा उंचीच्या 82 टक्क्यांवर धरा, म्हणजे 66 इंच. पसाऱ्यातून खांद्यांची रुंदी वजा करा (16 इंच धरा, कोण बघतंय), उरलेल्याचं अर्धं करा. हात 36 इंच. बेरीज 102, फार तर 103. प्रत्यक्ष माप 110.

हरवलेल्या 7 इंचांसाठी खांद्याच्या फऱ्याला कामाला लावा. हात वर नेला की तो फिरतो आणि अख्खा खांदाच वर सरकतो. ही थाप नव्हे. फक्त तो किती सरकेल हे माणसागणिक बदलतं आणि ते कळायला त्या माणसाला हात वर करायला सांगावं लागतं. हा मोह निग्रहाने टाळा.

4. खेळाडूवर विश्वास ठेवू नका. उडीची उंची काढताना स्टँडिंग रीचचाच आकडा वजा होतो, त्यामुळे चतुर पोरं मापाच्या वेळी खांदा पाडून उभी राहतात. हात आखूड, उडी लांब! एजंट असाल तर पोराला हे जरूर शिकवा. पोरगा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी असेल तर मात्र उलटं शिकवा.

5. उत्तर पाव इंचापर्यंत लिहा. ‘साधारण नऊ फूट’ लिहिलंत तर लोकांना वाटेल, अंदाजाने काढलंय.