रसायनवाले अण्णा

हल्ली प्रत्येक सोसायटीच्या कट्ट्यावर एक तरी रसायनवाले अण्णा सापडतात. बहुधा बँकेतून निवृत्त, पायात पांढरे बूट, आणि डोळा सतत दुसऱ्याच्या मेंदूवर. नवं जोडपं हातात हात घालून गेलं की अण्णा पुटपुटतात, "ऑक्सिटोसिन. 9 अमिनो आम्लं." हास्यक्लबात कुणी खदखदलं की "एंडॉर्फिन!" जावयाने तिसऱ्यांदा श्रीखंड घेतलं तेव्हा भर पंगतीत निदान झालं, "न्यूरोपेप्टाइड वाय. 36 आम्लं. आता तो आटपत नाही." जावई आटपला, तो लाजून.

आकडे मात्र चोख, हे कबूल करायला हवं. 1975 साली ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एनकेफलिन, म्हणजे शरीराची घरची अफू, कशी वेगळी काढली ते अण्णा बारकाव्यांसह सांगतात. फक्त सांगायला त्यांना समोरच्याचा पहिला घासच सापडतो.

परवा त्यांची पुतणी आली होती. मेडिकल कॉलेजात शिकवते. म्हणाली, "काका, एक रेणू म्हणजे एक भावना, असं नसतं हो. झटपट निरोप पोचवायला ग्लुटामेट आहे. त्याचं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. तुमचं पेप्टाइड, म्हणजे ही अमिनो आम्लांची साखळी, मात्र निवांत. पेशीच्या मुख्य भागात तयार होणार, पिशव्यांत भरून तंतूच्या टोकापर्यंत येणार, आणि पेशी सलग भराभर आवेग सोडू लागली की मगच सहसा बाहेर पडणार. पडलं की आजूबाजूला पसरतं. त्याच्यामुळे इतरांचे निरोप कमी-जास्त जोराने ऐकू येतात. परत शोषून घ्यायची सोय नाही. विकरं तुकडे करतील तेव्हा ते संपणार. आणि परिणाम त्यानंतरही रेंगाळतो."

"म्हणजे ह्यांच्यासारखंच की!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "सकाळी 'पोह्यांत मीठ कुणी घातलं?' एवढं विचारून हे बागेत पसार. मग सूनबाई भांडी आपटते, बाळू दबकून बोलतो, धुणंवाली बाईसुद्धा चहा न घेता जाते. अकराला येऊन हेच विचारणार, घर एवढं गप्प का?"

अण्णांनी चष्मा पुसला. चेहरा एकदम उजळला.

"सीआरएच! ताणाचं पेप्टाइड, 41 आम्लं. सूनबाईचं वाढलेलं दिसतंय."