मत गावाला, टँकर दाराला

15 जानेवारी 2026 ला सकाळी मी ताथवड्यात पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मतदानाच्या रांगेत उभा होतो. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. रांगेत बहुतेक गावठाणातली माणसं: टोपीतले आजोबा, त्यांना हाताला धरून आणलेला नातू, सुनेबरोबर आलेली सासू, वस्तीवरच्या बायका. ज्या रस्त्याने केंद्रावर आलो त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती आहेत. त्यांतून उतरून आलेले चेहरे फार थोडे दिसले. संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्याच सोसायटीतलं जोडपं भेटलं. दोघांच्याही बोटाला शाई नव्हती. विचारलं, तर म्हणाले, "काका, आमची नावं गावाला आहेत ना."

हे वाक्य ताथवड्यात मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. गाव कधी लातूरकडचं, कधी जळगावचं, कधी पार विदर्भातलं. त्या गावाशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते हे वाक्य बोलताना चेहऱ्यावर असलेल्या निश्चिंतपणाशी.

तुमच्या नळाला पाणी येतं ते रावेतला उचललेलं पवनेचं. 25 नोव्हेंबर 2019 पासून या शहराला ते दिवसाआड मिळतं. उरलेली तहान टँकर भागवतो आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये लागतं. मुलांची शाळेची बस ताथवडे-पुनावळ्याच्या भुयारी मार्गांत अडकते, तुम्ही स्वतः भूमकर चौकात अडकता. यातली कुठली गोष्ट तुमच्या गावचा सरपंच सोडवणार आहे? मिळकतकर तुम्ही इथे भरता. महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक केंद्र आणि राज्याच्या योजना धरून साडेनऊ हजार कोटींच्या वर होतं. तो पैसा कुठे जावा हे ठरवणारा माणूस निवडायच्या दिवशी तुम्ही घरी होता.

यादीत नाव असणं ही काही जन्मखूण नव्हे. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो, माणूस जिथे सामान्यतः राहतो तिथला तो मतदार. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमात आणखी एक वाक्य आहे, आणि ते प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावं असं मला वाटतं: एखाद्या ठिकाणी आपलं घर आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले सामान्य रहिवासी ठरत नाही. म्हणजे गावाकडचा वाडा, सातबाऱ्यावरचं नाव, अंगणातलं तुळशीवृंदावन, यांतलं काहीही तुम्हाला तिथला मतदार करत नाही. दहा वर्षं तुम्ही जिथे कचरा टाकता, तिथले तुम्ही. आणि एका वेळी दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची बंदी आहे. जानेवारीच्या निवडणुकीत दुबार नावांपुढे यादीत दोन-दोन चांदण्या छापल्या होत्या, त्या उगाच नव्हे.

गावाची ओढ मी समजू शकतो. ग्रामपंचायतीची निवडणूक दहा-पंधरा मतांवर फिरते. चुलतभाऊ उभा असतो, आठ दिवस आधी फोन येतो, गाडी पाठवतो म्हणतात, मतदानाच्या आदल्या रात्री सगळी भावकी एका ओसरीवर जेवते. तुमच्या एका मताला तिथे किंमत आहे, नावाने हाक आहे. इथे प्रभाग 25 मध्ये तुम्ही एका भल्यामोठ्या यादीतली एक ओळ. ओळख नसलेल्या उमेदवारासाठी कोण उठणार, असं म्हणणं माणसासारखं आहे. पण आई-वडिलांना भेटायला जायला मतदानाचं निमित्त लागू नये. आणि तुम्ही तिथे राहत नसताना तिथला रस्ता कुठून जावा हे तुम्ही ठरवणं, हा तिथे राहणाऱ्या तुमच्याच भावावर अन्याय आहे.

आता मोजणीचं बोलतो, कारण खरी जखम तिथे आहे.

जानेवारीची निवडणूक ज्या प्रभागरचनेवर झाली ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली होती. तेव्हा पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार मोजली गेली, तान्ह्या बाळांसकट. त्यावरून 32 प्रभाग, 128 जागा. मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी घेतली, तर एकटे मतदारच 17 लाखांच्या पुढे. म्हणजे 2011 ला या शहरात जेवढी माणसं होती, जवळपास तेवढे आता नुसते अठरा वर्षांवरचे आहेत, आणि तेही यादीत आलेलेच. जागा मात्र 128 च. 2021 ची जनगणना झालीच नाही. ताथवडे, पुनावळे, वाकड या पट्ट्यात 2011 नंतर जे उभं राहिलं, ते प्रभाग आखताना हिशोबात धरलेलंच नाही. जनगणनेत तुम्ही नाही. यादीतही तुम्ही नाही. मग पाइपलाइनचा व्यास ठरवताना तुम्ही कुणाच्या डोळ्यांपुढे असणार होता?

हे आमच्या गावाला नवीन नाही. 1997 मध्ये भोवतालची 18 गावं महापालिकेत आली. वाकड आलं, पुनावळे आलं, रावेत आलं, ताथवडे बाहेर राहिलं. आमचा नंबर लागला तो 2009 ला. बारा वर्षं तिन्ही बाजूंना शहर आणि मध्ये ग्रामपंचायत. गाव ज्या वेगाने वाढलं त्याच्या मागून नकाशा धावत आला, आणि आजही तो मागेच आहे.

दोष सगळा मतदाराचा, असं मी म्हणणार नाही. 13 मार्च 2022 ला आधीच्या सभागृहाची मुदत संपली. राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या. इथे पुढचं मतदान व्हायला तीन वर्षं दहा महिने लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला आदेश दिला तेव्हा. मधल्या काळात चार सदस्यांचा प्रभाग तीनचा करून 139 जागांचा आराखडा झाला. मग सरकार बदललं, पुन्हा चार आणि 128. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात होता हे खरं. पण आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत गटार तुंबायचं थांबत नाही.

त्या काळात काय काय झालं ते आठवा. 8 ऑक्टोबर 2023 च्या रात्री ताथवड्यात टँकरमधला गॅस चोरून सिलिंडरमध्ये भरताना एकामागून एक स्फोट झाले. शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बस जळाल्या. रविवारची रात्र होती म्हणून मुलं वाचली. त्या रात्रीनंतर महापालिकेच्या सभेत उभं राहून जाब विचारायला आमचा एकही नगरसेवक नव्हता, कारण सभाच नव्हती. मे 2025 मध्ये सगळ्या शहराचा सुधारित विकास आराखडा प्रसिद्ध झाला. कुणाच्या घरावरून रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, हे पुढच्या वीस वर्षांचं चित्र. तेही निवडून आलेला एकही माणूस सभागृहात नसताना. हजारो हरकती गेल्या त्या नागरिकांनी स्वतः लिहून, रांगा लावून दिल्या.

इतकी वर्षं मतपेटी न दाखवणाऱ्यांनी मतदाराच्या उदासीनतेवर भाषणं देऊ नयेत. यादीच्या बाबतीतही तेच. माझ्या ओळखीच्या एका घरात नवऱ्याचं नाव एका केंद्रावर, बायकोचं दुसऱ्या, आणि मुलाने दोनदा अर्ज करूनही त्याचं नाव कुठेच नाही. भाडेकरूंचे हाल तर वेगळेच. घरमालक नोंदणीकृत करार करायला तयार नसतो, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला दुसरं काही नसतं. वसतिगृहात राहणारी मुलं वसतिगृहाच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतात, हे इथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या किती जणांना कुणी सांगितलं आहे? प्रवेशाच्या वेळी दहा कागद भरून घेतात. अकरावा हा भरून घ्यायला काय हरकत आहे?

पण हे सगळं मान्य करूनही मी पुन्हा त्या लिफ्टपाशी येतो. कारण सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये आणखी एक वाक्य ऐकू येतं: "इथे गाववाल्यांचंच चालतं." चालतं, कारण ते मत देतात. किंक्रांतीच्या दिवशी ऐंशी वर्षांच्या आजोबांना उचलून आणतात. त्यांच्या शेतांवर तुमच्या इमारती उभ्या आहेत, आणि तुम्ही आलात म्हणून पाणी त्यांचंही कमी झालं आहे. त्यांनी नातेवाइकाला मत दिलं, आडनाव बघून दिलं, अशी तक्रार तुम्ही करता. ती खरीही असेल. तुम्ही तर कुणालाच दिलं नाही. 26 फेब्रुवारी 2023 ला चिंचवड विधानसभेची पोटनिवडणूक झाली. रविवार होता, राज्यातली मोठी माणसं प्रचाराला आली होती, आणि मतदान पन्नास टक्क्यांच्या आसपास थांबलं. ताथवडे त्याच मतदारसंघात येतं.

उमेदवारालाही हा हिशोब पाठ आहे. सोसायटीतली मतं थोडी, म्हणून तो घरोघर येत नाही, चेअरमनला गाठतो. दोन कॅमेरे, चार सौरदिवे, बागेत बाकडी, आणि बदल्यात सगळ्या सोसायटीचा 'शब्द'. असा शब्द द्यायचा अधिकार कुठल्याही चेअरमनला नाही. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, चार वेळा बटण दाबायचं असतं, आणि चारही वेळा बोट तुमचं असतं. बाकड्याच्या बदल्यात ते बोट देणाऱ्यांनी पुढची पाच वर्षं पाण्याची तक्रार त्या बाकड्याकडेच करावी.

एकत्र आलात की काय होतं हे तुम्ही स्वतः दाखवून दिलं आहे. पुनावळ्याच्या कचरा डेपोविरुद्ध 2023 मध्ये याच सोसायट्या आणि याच गावातली माणसं खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरली, आणि डेपो रद्द करत असल्याचं सरकारला जाहीर करावं लागलं. तेव्हा सोसायटीवाले आणि गाववाले असा भेद कुणी केला नव्हता. त्या मोर्चात चालणाऱ्यांपैकी ज्यांचं नाव अजून गावाला आहे, त्यांनी मोर्चापेक्षा कमी कष्टाचं एक काम करायचं आहे.

नमुना क्रमांक 8 चा अर्ज. जुन्या पत्त्यावरचं नाव नव्या पत्त्यावर आणण्यासाठी तेवढा एकच लागतो. तो मोबाइलवरून भरता येतो किंवा तुमच्या भागातल्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, देता येतो. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. जानेवारीसाठी जुलैची यादी धरली होती, आणि डिसेंबरात धावपळ करणारे सगळे हात हलवत परत आले. सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती: येत्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय अर्धा तास पुढे ढकला आणि तिथेच सगळ्यांचे अर्ज भरून घ्या.

दुसरं, जनगणना येते आहे. तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे आणि घरांची नोंद त्याआधीच होणार आहे. प्रगणक म्हणून बहुधा एखाद्या शाळेतल्या बाई किंवा गुरुजी उन्हातून येतील. त्यांना गेटवर अडवू नका, "घरी कुणी नाही" असं इंटरकॉमवरून सांगू नका. दार उघडा, पाणी द्या, आणि घरात आहेत तेवढी सगळी माणसं ताथवड्याची म्हणून मोजून घ्या.