तगर ते बर्गर

माझ्या मेव्हण्याला दर दोन-तीन वर्षांनी एखादा धंदा होतो. लोकांना सर्दी होते, तसा. शेळीपालन होऊन गेलं, शेडनेट होऊन गेलं, एक मंगल कार्यालय तर नुसत्या कागदावर बांधून, रंगवून, पहिल्या वर्षाच्या तारखा बुक होऊन गेलं. यंदा त्याला अमेरिकन बर्गर झाला.

"दाजी," तो म्हणाला, "आपल्या जिल्ह्यातनं दोन-दोन नॅशनल हायवे जातात. गिऱ्हाईक रस्त्यानं नुसतं पळायलंय. त्याला थांबवायला एक मोठ्ठा बोर्ड पाहिजे, अमेरिकेचा. लोकेशन फायनल करायला तुम्ही चला. प्रोजेक्ट रिपोर्ट तुम्ही लिहायचा."

फ्रँचायजी देणारे एक साहेब त्याला मोबाईलवर भेटले होते. ते हिंदीत बोलत, सकाळ-संध्याकाळ फोन करत आणि जागेच्या फोटोपेक्षा रजिस्ट्रेशन फीची चौकशी जास्त आस्थेने करत. त्यांनी पाठवलेल्या अर्जात जिल्ह्यांची यादी होती. त्यात 'उस्मानाबाद'च होतं. २०२३ साली बदललेलं 'धाराशिव' हे नाव साहेबांच्या अमेरिकेपर्यंत पोचलेलं नव्हतं.

नवरात्राचे दिवस होते. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्गकडे निघालो. रिपोर्टला प्रस्तावना हवी म्हणून मी गाडीतच इतिहास सुरू केला. १९९५ साली केएफसीने बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर भारतातलं पहिलं दुकान थाटलं आणि पुढच्याच जानेवारीत प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाचे शेतकरी तिथे घुसले. कोंबडी खायला नव्हे, काचा फोडायला.

"आपल्याकडे पण येतील," मेव्हणा म्हणाला. "पण आधी चहा घेतील. मग निवेदन देतील. मग ओळख निघेल."

१९९६ च्या ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्स आलं, दिल्लीच्या वसंत विहारात आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याला. गोमांसाच्या बर्गरवर जग पालथं घातलेल्या या कंपनीने भारतात पाऊल ठेवताना गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही उंबऱ्याबाहेर ठेवलं. मुंबईकडचे तिचे भागीदार अमित जटिया स्वतः शाकाहारी. म्हणजे पैलवानाने तालीम काढावी आणि वस्ताद म्हणून कीर्तनकार नेमावा, असा मामला. स्वयंपाकघराचे शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन भाग झाले आणि पुढे सगळ्यांत नाव काढलं ते आलू टिक्कीच्या बर्गरने.

"म्हणजे वडापावच्या गावात येऊन त्यांनी वडा चपटा केला," मेव्हण्याने सारांश काढला. तीस वर्षांच्या बाजारशास्त्राचा इतका नेमका निष्कर्ष मी अन्यत्र वाचलेला नाही.

त्या बर्गरमधल्या चीजचा पुरवठा बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीतून व्हायचा, हे सांगितल्यावर मात्र तो गंभीर झाला. "अमेरिका म्हणून जावं, तर तिथंही बारामती!" एवढं म्हणून त्याने काच खाली केली.

नळदुर्गला बोरी नदीला पाणी होतं, त्यामुळे किल्ल्यातले नर आणि मादी दोन्ही धबधबे जोरात होते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. वरून प्रपात कोसळतोय आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा आहे, अशी ही करामत. मेव्हण्याने तिचा फोटो साहेबांना पाठवला. साहेबांचं उत्तर आलं, 'सीपेज की प्रॉब्लेम तो नहीं है ना?'

किल्ल्याबाहेर एक मावशी निखाऱ्यावर कणसं भाजत बसल्या होत्या. मेव्हण्याने वही काढली.

"मावशी, रोज किती गिऱ्हाईक होतंय?"

"पाणी पडलं की माणूस येतंय, माणूस आलं की कणीस जातंय. पाणी न्हाई, तर मी बी घरीच."

फास्ट फूडच्या कंपन्या जागा निवडताना जो अहवाल काढतात, तो इथे एका दमात आणि फुकट मिळाला होता. मीठ-मिरची-लिंबू लावलेलं कणीस हातात आल्यावर मला प्रस्तावना पुढे चालवावीशी वाटली. मका मूळचा मेक्सिकोचा. मिरची तिकडचीच. पोर्तुगीज आले आणि अशा चिजा जहाजातून इकडे घेऊन आले. मेव्हणा चकित झाला आणि त्याने ही बातमी लगेच योग्य ठिकाणी पोचवली.

"मावशी, हे कणीस अमेरिकेचं आहे म्हणं."

"न्हाई ओ," मावशी पंख्याने वारा घालत म्हणाल्या, "आमच्या रानातलं हाय."

यावर अमेरिकेकडे उत्तर नाही.

तुळजापूरच्या रस्त्यावर साहेबांच्या अर्जातला एक रकाना भरणं अवघड झालं. दुकानासमोरून दिवसाला किती माणसं जातात? समोरून अख्खा महाराष्ट्र चालला होता, पुढून आंध्र-कर्नाटकही, आणि बराचसा अनवाणी. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, डोक्यावर परडी घेतलेल्या बाया. मधूनच भवानी ज्योत घेऊन गावाकडे परत धावणारी तरुण मंडळं, मागे टेम्पोत डीजे. हायवेला गिऱ्हाईक पळतंय हे मेव्हण्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं. फक्त एका हातात मशाल असलेल्या माणसाला दुसऱ्या हातात बर्गर कसा द्यावा, याचा खुलासा अर्जात नव्हता.

२०१२ साली मॅकडोनाल्ड्सने वैष्णोदेवीच्या पायथ्याशी कटऱ्याला आणि सुवर्णमंदिराच्या अमृतसरला पूर्ण शाकाहारी दुकानं काढणार असल्याचं जाहीर केलं होतं. मेव्हण्याला हे मॉडेल एकदम पसंत पडलं. "आपण तुळजापुरात तसंच करू. आईच्या दारात शुद्ध शाकाहारी."

"आणि कंदुरी?"

तो गप्प झाला. आमच्या भागात देवाला पुरणपोळीही लागते आणि नवस बोललेला असेल तर बकरंही लागतं. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने शेळीची अख्खी जात देशभर ओळखली जाते, तिथे सगळेच देव एका मेन्यूकार्डात बसत नाहीत. कोणत्या वारी काय चालतं, कोणत्या महिन्यात काय चालत नाही आणि कोणत्या घरी नेमकं त्याच्या उलटं असतं, हे शिकवायला शिकागोहून माणूस आला, तर त्याला इथेच सोयरीक करून राहावं लागेल.

मेव्हण्याचे नऊ दिवसांचे उपवास होते, म्हणून एका हॉटेलात फराळाची ताटली मागवली. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वरून हिरवी मिरची. भगर तेवढी वेगळ्या वाटीत. मी ताटलीकडे बघत राहिलो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिथलाच. शेंगदाणा तिथला. रताळं तिथलं. मिरचीचं तर बोलूनच झालं होतं. पाचशे वर्षांपूर्वी या ताटलीतली भगर वगळता काहीही तुळजापुरात नव्हतं. आणि आता? गव्हाची पोळी उपवासाला चालत नाही, ज्वारीची भाकरी चालत नाही. सातासमुद्रापलीकडचे हे पाच पाहुणे मात्र थेट देवघरापर्यंत जातात.

हे ऐकून मेव्हण्याचा घास हातात राहिला. "म्हणजे अमेरिकेची शाखा इथं आधीच उघडली?"

"गावोगाव."

"आणि फी?"

"कुणीच दिली नाही."

त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि आणखी एक खिचडी मागवली. उपवासाचं माणूस उपाशी राहत नाही, हे तत्त्व बाकी अस्सल आपलं.

धाराशिवात साहेबांचा फोन आला. फी आजच भरली तर सवलत होती. मेव्हण्याने त्यांना सांगितलं की बोर्डावर आमच्या आडनावाचाही उल्लेख हवा. साहेब म्हणाले, ब्रँडच्या नावाला हात लावता येत नाही, कंपनी कोर्टात खेचते.

हे खरं आहे, पण खेचाखेचीत दुसरी बाजूही जोर लावते. पुण्यात कॅम्पातल्या एका इराणी कुटुंबाचं 'बर्गर किंग' १९९२ पासून चालू होतं. अमेरिकेचं 'बर्गर किंग' भारतात आलं २०१४ साली, पण नावासाठी दावा त्याने २०११ लाच लावून ठेवलेला. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला, कारण पुणेकर आधीपासून हे नाव वापरत होते. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ च्या अखेरीस तिथे अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना ते नाव वापरायला मनाई झाली होती. तरी जगभर दुकानं असलेल्या राजाला कॅम्पातल्या एका राजाने तेरा वर्षं थोपवलं, ही गोष्ट लहान नाही. अमेरिकन कंपनीला वाटलं असेल, एवढी चिकाटी कुठून येते? तिला पुण्याची माहिती कमी होती.

शहरात मेव्हण्याने एका ओळखीच्या हॉटेलवाल्याचा सल्ला घेतला. त्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "येळवसला काय करणार?"

वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. माणसं रानात जातात. कडब्याची कोपी उभी करतात, पांडवांची पूजा करतात आणि मग ज्वारीच्या पिकात बसून भज्जी, उंडे, आंबील, खीर असा बेत चालतो. ओळखीच्याला बोलावतात, अनोळख्याला ओढून आणतात. रस्त्याने जाणारा उपाशी जाऊ द्यायचा नाही, असा रिवाज. कुणाच्याही बांधावर उभं राहा, द्रोण हातात पडतो. जगातल्या कुठल्याही साखळीला जमणार नाही इतका झटपट आणि बिलाशिवाय.

"त्या दिवशी तुमच्या दुकानातली पोरं सुद्धा रानात असतील," हॉटेलवाला म्हणाला. "मॅनेजर अमेरिकेचा असला तर त्याला बी घिऊन या. आमच्या कोपीवर."

तिथून तेरला गेलो. लोकेशन म्हणून नव्हे. तेरपर्यंत येऊन गोरोबाकाकांच्या पाया न पडता परत गेलो, तर त्याची बहीण घरात घेणार नाही म्हणून. पण मेव्हण्याला धंद्याचा खरा धडा तिथेच मिळाला. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचं नाव तगर होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठं शहर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून पश्चिमेला. दहा दिवस नुसते पैठणपर्यंतचे. अर्ध्या तासात पोचलं नाही तर फुकट, अशी अट तगरच्या व्यापाऱ्यांनी घातली असती, तर अख्ख्या रोमने कपडे फुकटातच घातले असते.

लामतुरे संग्रहालयात या गावाने जमिनीतून काढून दिलेल्या वस्तू आहेत. इथल्या एका हस्तिदंती बाहुलीची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली. म्हणजे आपला माल तिकडे गेला. आणि तिकडचा इकडे आला, त्याचं काय झालं? रोमन नाण्यांच्या नकला तगरच्या कारागिरांनी मातीत पाडल्या, गळ्यात घालायला. रोमच्या सम्राटाचा मुखवटा, माती धाराशिवची, भट्टी तेरची.

मेव्हणा त्या काळातल्या मालापुढे बराच वेळ उभा होता. "दाजी, ह्यांनी रोमकडनं परवानगी घेतली असेल का?"

"सम्राटाचा जिल्हा न्यायालयात दावा दिसत नाही."

परतीच्या वाटेवर मी त्याला रिपोर्टचा शेवटचा भाग ऐकवला. डोमिनोजची भारतातली दुकानं जुबिलंट फूडवर्क्स चालवते. पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफ चालवते. दोघेही आपली दुकानं स्वतःच चालवतात, कुणाच्या मेव्हण्याला देत नाहीत. अशा नावांवर फी उकळणाऱ्या टोळ्या मात्र पोलिसांनी अनेकदा पकडल्या आहेत. मेव्हणा म्हणाला, "पण साहेबांचा आवाज शिकलेल्या माणसाचा आहे." येरमाळा ओलांडला तरी त्याचं हेच चालू होतं.

पुढे लागलं कुंथलगिरी, जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथेच समाधी घेतली. बाकीचा महाराष्ट्र मात्र हे नाव खव्यामुळे घेतो. भूम तालुक्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत आणि आता या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आम्ही एका भट्टीपाशी थांबलो. कढईत दूध आटत होतं आणि एक गृहस्थ लांब दांड्याचं उलथनं न थांबता फिरवत होते. पेढा गरम होता. उपवासाला चालतो, म्हणून मेव्हण्याने पाव किलोने सुरुवात केली.

मी त्यांना सांगितलं, बर्गर करायला शिकवणारं विद्यापीठ अमेरिकेत १९६१ पासून आहे, हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी. ते म्हणाले, "आमचं बी हाय की. हे काय, तुमच्या म्होरं पेटलंय."

तेवढ्यात साहेबांचा फोन. सवलत संध्याकाळी सहाला संपत होती. मेव्हण्याने, कोण जाणे काय मनात येऊन, स्पीकर लावला आणि फोन खव्यावाल्यांच्या पुढे धरला. त्यांनी उलथनं न थांबवता सगळं नीट ऐकून घेतलं.

"सायेब," ते म्हणाले, "जागा ह्येंची, लाइट बिल ह्येंचं, पोरं ह्येंची, गिऱ्हाईक बी ह्येंच्याच गावचं. मंग फी तुम्ही ह्येंला द्यायची, का ह्येंनी तुम्हाला?"

पलीकडे शांतता.

"आन् आमची शाखा पायजे असंल तर या. म्हैनाभर कढईम्होरं बसावं लागंल. फी न्हाई. धूर तेवढा डोळ्यात जातोय."

फोन बंद झाला, आणि पुन्हा आला नाही.

मेव्हण्याने अर्धा किलो पेढे बांधून घेतले, पैसे दिले आणि तरी हलेना. कढईत कडेने जमणारी साय, उलथन्याचा फेरा, दुधाचे कॅन, सगळं तो डोळे बारीक करून बघत होता. मग त्याने वहीचं कोरं पान उघडलं.

"दाजी, न्यू जर्सीत म्हशी असतात का हो?"