पुरस्कारप्राप्त छताखालून

मा. प्रादेशिक वास्तुरचना पुरस्कार परीक्षक मंडळ यांसी,

स.न.वि.वि.

आमच्या वाचनालयाच्या इमारतीला आपण यंदाचा पुरस्कार दिलात, त्याबद्दल आभार मानायला उशीरच झाला. लेटरहेडचा गठ्ठा भिजला होता. पंख्याखाली वाळायला त्याला चार दिवस लागले. कागदावर लाटा उठलेल्या दिसतील. तो ‘सागरी संदर्भ’ आहे असं समजून गोड मानून घ्यावं.

मी इथला ग्रंथपाल. आपलं मानपत्र दर्शनी भिंतीवर लावलंय आणि वर्गणी भरायला आलेले सभासद ते मोठ्यानं वाचतात. ‘आकाशाशी संवाद साधणारा चौक’ हे सगळ्यांचं लाडकं वाक्य. संवाद आहे, नाही कसा! पण जून ते सप्टेंबर आकाश एकटंच बोलतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या कोकणात त्याला मध्येच थांबवणारे आपण कोण?

‘पडवीची समकालीन पुनर्मांडणी’ सापडायला मात्र वेळ लागला. शेवटी एका निवृत्त ओव्हरसियरनं नकाशा पालथा घालून ती दाखवली. पश्चिमेच्या काचेवर स्लॅबची जी नऊ इंचांची पट्टी बाहेर आली आहे, ती पडवी. जुन्या इमारतीच्या पडवीत सकाळी आठ-दहा म्हातारे पेपर वाचायचे, छत्र्या निथळत टेकवून ठेवायचे, पाऊस वाढला की तिथेच राजकारण करत बसायचे. दुपारी त्याच जागी कुत्रं झोपायचं. नऊ इंचांत कुत्रंही मावत नाही. बहुतेक म्हातारे आता समोरच्या चहाच्या टपरीत बसतात. टपरीला पुढे ताडपत्री आहे.

‘जांभ्याचं प्रामाणिक दर्शन’ हेही वाचलं. चिऱ्याचे इंचभर जाडीचे काप काढून ते काँक्रीटला चिकटवलेत. आमच्याकडे आजवर चिरा भिंत उचलायचा. इथे भिंतीनं चिऱ्याला कडेवर घेतलंय.

खोटं कशाला बोलू, इमारत देखणी आहे. डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास वाचनकक्षाच्या टेबलावर जे ऊन येतं, ते बघायला मीही हातातलं काम टाकून उभा राहतो. प्रवेशिकेतले फोटोही त्याच दिवसांतले. तेव्हा कपाटं रिकामी होती. फोटोत नऊवारीतल्या ज्या आजी पुस्तक उघडून बसल्या आहेत, त्या आमच्या सभासद नव्हेत. त्यांना फोटोग्राफरनं बाजारातून आणलं होतं आणि पुस्तक त्यांच्या हातात उलटं आहे. आपल्यापैकी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

पुस्तकं वाळवता वाळवता मी ती वाचतो. वास्तुकलेचं कपाट नेमकं पश्चिमेच्या भिंतीला असल्यानं पहिल्या पावसाळ्यात या विषयातलं माझं वाचन बरंच वाढलं. मुंबईत चार्ल्स कोरियांनी १९८३ मध्ये पुरी केलेली ‘कांचनजंगा’ घ्या. पश्चिमेला समुद्र आणि वारा, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडचीच. मग त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून उंच इमारतीत नेला आणि कोपऱ्याकोपऱ्यात दुमजली उंचीच्या गच्च्या कोरून घर आत ओढून घेतलं. इमारतीला ना कौलं आहेत, ना जांभा. तरी ती कोणत्या हवेत उभी आहे ते शाळकरी पोरगंही सांगेल.

आणि कौल तरी कुठे आपलं? मंगलोरी कौल मंगळूरहून आलं, बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये तिथे कारखाना काढला म्हणून. परदेशी मिशनऱ्यांचा माल! त्याला कुणी प्रादेशिकतेचं मानपत्र दिलं नव्हतं. दरवर्षी चार महिने परीक्षा घेऊन पावसानंच त्याला इथलं करून घेतलं. त्या परीक्षक मंडळापुढे फोटो चालत नाहीत.

आता पत्र्याबद्दल. पहिल्याच पावसाळ्यात केतकरांच्या ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांवर बुरशीचा चोविसावा चढायला लागला, तेव्हा आम्ही वर्गणी काढून पश्चिमेला पत्र्याची शेड ठोकली. त्यावर रचनाकारांचं कडक पत्र आलं, की आम्ही कलाकृती विद्रूप केली. बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत पुष्कळ कुटुंबांना जोतं आणि नळ-संडासाची सोय एवढंच दिलं. पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. आम्ही एक पत्रा वाढवला तर नोटीस!

पण मुद्दा वेगळाच आहे. हा पत्रा दोन वर्षांपासून जागेवर आहे. प्रवेशिकेतल्या फोटोंत तो नाही आणि मानपत्रात त्याचा उल्लेख नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतूनही तो दिसतो, आपल्याला मात्र दिसला नाही. तेव्हा आपण आला नव्हतात, हे आता दोन्ही पक्षी मान्य असावं.

आगाखानवाले माणूस जागेवर पाठवतात. तो इमारत तपासतो, वापरणाऱ्यांशी बोलतो आणि मग परीक्षकांपुढे अहवाल ठेवतो. म्हणून तर १९९८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, लासूरला, दोन नॉर्वेजियन वास्तुकारांनी बांधलेल्या कुष्ठरोग्यांच्या साध्या रुग्णालयाला तो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी भोपाळचं विधानभवनही त्या यादीत होतं. लासूरपर्यंत लोक पोचतात. आमचं गाव तर महामार्गालगत आहे.

आपल्याला सवड नसते, हे समजतं. गेल्या वर्षीचे विजेते यंदा परीक्षक, यंदाचे पुढल्या वर्षी. पंगत तीच, फक्त वाढपी आळीपाळीनं उठतात. त्यात पावसाळ्यात कोकणात कोण येणार? तरी एकानं यावं. जुलैचा दुसरा आठवडा उत्तम. एसटी स्टँडवरून चालत सात मिनिटं. छत्री आणाच, आणि आत शिरल्यावर ती मिटायची घाई करू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
ग्रंथपाल

ता.क. : पुढील वर्षाच्या पुरस्कारासाठी पश्चिमेच्या पत्र्याची प्रवेशिका सोबत जोडली आहे. रचनाकार गावातला वेल्डर. फोटो मोबाइलवर काढलेत आणि पावसातच काढलेत. शेडखाली पेपर वाचणारे तिन्ही म्हातारे आमचे सभासद आहेत. दोन पावसाळे झाले, पत्रा गळलेला नाही.