शेपटीचा ग्रॅम, नाकाचा रुपया

ग्लायडरच्या शेपटीला एक ग्रॅम चढला की नाकात एक रुपया भरावा लागतो. हा मेहुण्याचा लहरीपणा नाही, तरफेचा नियम आहे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर दोन बोटं टेकवली, की विमान आडवं तोललं गेलं पाहिजे. तिथून शेपटी लांब आणि नाक जवळ. मेहुण्याच्या ग्लायडरात हा फरक चौपट, म्हणजे मागच्या एका ग्रॅमला पुढे चार. आणि २०११च्या छापाचं रुपयाचं नाणं भरतं ३.७९ ग्रॅम. नंतरचं हलकं नाणं त्याला चालत नाही. "दाजी, खिशात २०११ आहे का?" हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या आधी येतो.

मूळ ग्लायडर म्हणजे पोरांनी हातानं फेकायचं फोमचं खेळणं. त्यात यानं रिमोटचा रिसीव्हर, चिमुकली बॅटरी आणि नऊ-नऊ ग्रॅमच्या दोन सर्व्हो मोटारी कोंबल्या आणि ते चक्क बरं उडायला लागलं. इथे थांबला असता तर तो मेहुणा कसला! त्याला शेपटी थरथरताना दिसली. मग पतंगाची कामटी चिकटवली, ती निघू नये म्हणून टेप लावला, आणि नाकात दोन रुपये गेले. वजन वाढलं म्हणून ग्लायडर जोरात उतरू लागला, जोरात उतरला म्हणून नाक चेपलं, नाकाला पट्टी मारली. पट्टीमुळे नाक जड झालं, ते तोलायला शेपटीला काहीतरी लावू या, असं तो म्हणाला तेव्हा मी पेपर डोळ्यांपुढे धरला.

त्यानं पंखात घातलेली कार्बनची सळई मात्र मला आवडली. ती तोलाच्या जागीच बसते, म्हणून करमुक्त.

मग पंखाच्या पाठीवर पायरी आली. चेष्टा नाही, खरोखरची पायरी: पुढचा अर्धा पंख दुहेरी जाडीचा, त्यामागे एकदम उतार. न्यूयॉर्कच्या जाहिरात व्यवसायातल्या रिचर्ड क्लाइनना ही कल्पना कागदी विमानातून सुचली. १९७२ साली त्यांना आणि फ्लॉइड फोगलमनना तिचं पेटंट मिळालं. पुढे वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर ती साध्या सपाट पट्टीपुढेही फिकी पडली. फोमवाल्यांचं मन मात्र तिच्यावरून उडत नाही, कारण तुकडा उरलेलाच असतो आणि पंख ताठ होतो. वाकड्या पंखानं उडण्यापेक्षा अडाणी पायरीनं उडणं परवडलं, या मताचा मीही आहे.

पायरीसाठी माळ्यावरून मखर उतरलं. २०१८च्या थर्माकोलबंदीपासून ते तिथेच होतं, टाकवेना आणि मांडवेना. मेहुण्यानं महिरपीवर झटपट चिकटणाऱ्या गमचा थेंब सोडला. आवाज नाही, धूर नाही. थेंब मुकाट्यानं आत आत गेला आणि कमळाच्या पाकळीला बोट जाईल एवढं भोक पडलं. तो गम थर्माकोलला खातो; ग्लायडरच्या चिवट फोमला खात नाही, म्हणून त्याला सवय लागली होती. बायको म्हणाली, "बाप्पाचं होतं रे ते." नंतर पांढरा गम आणि रात्रभर पुस्तकांचं वजन.

एवढं झाल्यावर नाकात सात रुपये जमले. बायकोनं पोळ्या लाटता लाटता विचारलं, "नाकच लांब केलंस तर कमी पैसे लागतील ना?"

मेहुणा गप्प. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे आहे. मग तो उठला, नाक वीतभर वाढवलं, बॅटरी पार टोकाशी नेली. चार रुपये परत मिळाले, तीन आतच राहिले.

रविवारी साताऱ्याबाहेरच्या माळावर वारा छान होता. एक घार पंख न हलवता वर चढत होती. ग्लायडर तिच्या खालून दोन सुरेख गिरक्या घेऊन आला आणि लांब नाकानंच उतरला. नाक तुटलं, नाणी गवतात उधळली. शेळ्या राखणारा पोरगा धावत आला, तिन्ही नाणी वेचून चड्डीच्या खिशात टाकली आणि मेहुण्याला म्हणाला, "काका, पुढच्या टायमाला दहाची टाका."