आवाज येतो का?

पुण्यातील गृहरचना संस्थांमध्ये मृगाच्या आसपास जे निवृत्त अभियंते वाहनतळावर उतरू लागतात, त्यांच्यात ‘वायपरकाका’ ही पोटजात वेगळी नोंदवण्याजोगी आहे. कोथरूडला किंवा सहकारनगरला ज्याने एक पावसाळा काढला आहे, त्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. पिंपरीच्या टेल्कोत किंवा वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत झालेली तीस-पस्तीस वर्षांची नोकरी हे या जातीचे पूर्वपीठ होय, आणि वायपर बंद पडलेल्या कोणत्याही गाडीपाशी मालकाच्याही आधी पोहोचणे ही तिची वृत्ती.

तिचे व्यवच्छेदक लक्षण मात्र एक प्रश्न आहे: ‘आवाज येतो का?’ मालक भिजत उभा असतो, छत्री काकांच्या हातात असली तरी ती बॉनेटवर धरलेली असते, आणि ‘वायपर चालत नाही’ या वाक्याला काका तक्रार मानतात, लक्षण मानत नाहीत. प्रश्न शास्त्रशुद्ध आहे, हे कबूल केलेच पाहिजे. बटण दाबल्यावर मोटरची घरघर ऐकू येत असेल आणि दांडे निपचित असतील, तर वीज निर्दोष ठरते. दोष एक तर दांड्याच्या बुडाशी ढिल्या झालेल्या नटात असतो, किंवा मोटरचे फिरणे दांड्यांपर्यंत नेणाऱ्या जोडपट्ट्यांत, म्हणजे लिंकेजमध्ये. आवाजच नसेल तर फ्यूज पाहावा लागतो, आणि तिथे काकांचे पहिले व्याख्यान सुरू होते: पिवळा फ्यूज २० अँपिअरचा, निळा १५ चा, फ्यूज म्हणजे वायरिंग जळू नये म्हणून मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा, आणि त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस गाडीला आग लावण्याची तयारी करत असतो.

फ्यूज शाबूत निघाल्यास टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, खिशातून बाहेर येतो (तो सदऱ्याच्या खिशात का असतो, हे काकूंनाही सांगता आलेले नाही). मोटरच्या जोडणीपाशी बल्ब पेटला, तर फ्यूज आणि बटण दोन्ही सुटतात आणि संशय मोटरवर किंवा अर्थवर, म्हणजे वीज परत जाण्याच्या गंजलेल्या वाटेवर, येतो. पान्याच्या मुठीने मोटरला हलकेच टिचकी मारल्यावर ती जागी झाली, तर आतले कार्बन ब्रश झिजल्याचा संभव मोठा. खास पुणेरी कारण काका शेवटी सांगतात: काचेच्या पायथ्याशी गुलमोहराची पाने साचून पाणी जाण्याची भोके बुजतात, आणि मोटर पाण्यात बसते.

यानंतर पाना हातात घ्यावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. कारण सापडले की काकांच्या लेखी गाडी दुरुस्त झालेली असते. उरलेले काम कारकुनी स्वरूपाचे, ते मालकाने नाना पेठेत जाऊन करावे. गॅरेजवाल्याने अख्खी मोटर बदलली असे कळले, तर काका दोन दिवस मालकाशी बोलत नाहीत. एरवी ते केंद्रीय मोटार वाहन नियमांतला वायपरविषयक १०१ क्रमांकाचा नियम सांगतात, आतून हाताने फिरवायच्या वायपरचे एकस्व १९०३ मध्ये अमेरिकेत मिळवणाऱ्या मेरी अँडरसन यांचे नाव आदराने घेतात, आणि थांबून थांबून चालणाऱ्या वायपरच्या हक्कासाठी बलाढ्य फोर्ड कंपनीशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडलेल्या रॉबर्ट कर्न्स यांच्यापाशी आले की त्यांचा सूर उतरतो.

प्रश्नाचा संचार मात्र वायपरपुरता राहत नाही. मिक्सर, पाण्याचा पंप, उद्वाहक, शेजारच्या नातवाचे पोट, या सर्वांबाबत पहिली चौकशी ‘आवाज येतो का?’ हीच असते. संस्थेच्या वार्षिक सभेत ध्वनिक्षेपक हाती आल्यावर काकांनी तो प्रश्न प्रथमच उचित स्थळी विचारला, तेव्हा सभासदांनी एकमुखाने ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि काका खाली वाकून वायर तपासू लागल्यामुळे हिशेब चर्चेविना मंजूर झाले.

तरीही, ताम्हिणीच्या घाटात मुसळधार पावसात वायपर थांबल्यावर माणूस रात्री अकराला ज्याला फोन लावतो, तो वायपरकाकाच असतो, आणि पहिल्या घंटेला फोन उचलणाराही तोच. रविवारी रात्री ते स्वतः एक फोन लावतात, परदेशातील मुलाला. ‘आवाज येतो का?’ येतो, चित्र मात्र अडकलेले असते, आणि मुलाच्या अर्धवट उघड्या तोंडाकडे पाहत काका वाट बघतात, कारण हा दोष कोणत्या जोडपट्टीत आहे, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही. फोन संपल्यावर ते खाली येतात, वाहनतळाच्या कोपऱ्यातल्या आपल्या जुन्या मारुती ८०० वरचे आच्छादन काढतात, कोरड्या काचेवर रबर खराब होते म्हणून आधी तांब्याभर पाणी ओततात आणि वायपर चारदा फिरवून बंद करतात. ती गाडी कित्येक वर्षांत फाटकाबाहेर गेलेली नाही. तिचा वायपर उत्तम चालतो.